चार रुपये महिना

सुट्टीत शिरड शहापूरला गेलो की भाचरांचा एकच विषय, आयपीएलचा लिलाव! मला मात्र पळवणकर बाळू आठवतात. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये महिन्यावर मैदान राखायचे, साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायचे. पुढे मुंबई गाठली. रेल्वेत नोकरी लागली, तीही खेळामुळेच. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण चर्मकार समाजातले ना! पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. आणि हिंदू संघाचं कर्णधारपद? त्यांना कधीच नाही. १९२३मध्ये ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. हे सगळं सांगितल्यावर धाकटा भाचा म्हणाला, "मामा, तेव्हा बाळूंना राग आला असेल की आनंद झाला असेल?"

मला पटकन सांगता आलं नाही...