जुन्या ‘पुष्पक’चा टो-बार आणि संशोधनातली वंशावळ

समजा एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये जुनं ‘पुष्पक’ विमान उभं आहे. ते जमिनीवर ओढून बाहेर काढायला टो-बार हवाय आणि तो शोधायचं काम तुमच्याकडे आलंय. सुरुवात कुठून कराल? बहुतेक जण ‘पुष्पक’ हेच नाव घेऊन शोधत बसतील. पण या प्रश्नाचं उत्तर विमानाच्या नावात नाही, त्याच्या इतिहासात आहे.

आधी अडचण काय ते बघू. आमच्या मलकापूर भागात ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडलेल्या दिसतात. दांडा हुकात अडकवला, पिन घातली, की झालं. पुष्पकचं तसं नाही. पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटाखाली एक छोटं चाक, अशी त्याची रचना. अशा विमानांत शेपटाचं चाक बहुधा स्प्रिंग आणि साखळीने रडरला जोडलेलं असतं. टो-बार लावून ते जबरदस्तीने वळवलं, तर ताण थेट रडरवर येतो. काही चाकं ठरावीक कोनापलीकडे आपोआप मोकळी होतात, काही होत नाहीत. म्हणजे टो-बार ‘विमानाला’ बसत नाही. तो त्या चाकाच्या आसाला बसतो. मग प्रश्न असा की हे चाक आलं कुठून?

आता इतिहास. पुष्पकचं पहिलं उड्डाण सप्टेंबर १९५८ मध्ये बंगळुरूला झालं. हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने ही विमानं मुख्यतः फ्लाइंग क्लबांसाठी बांधली, सुमारे १६०. त्या काळात कंपनीच्या डिझाइनची धुरा डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे होती. ते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. १९३६ मध्ये त्यांनी जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली.

इथे आपल्याला अभिमान वाटतो आणि तिथेच आपण थांबतो. पण पुष्पककडे नीट बघा. वर पंख, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, शेजारी-शेजारी दोन सीटा. हा आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ‘एरोन्का चीफ’ या अमेरिकन विमानाचा. त्याचं डिझाइन आणि बांधणीची साधनं विकत घेऊन पुष्पक उभं राहिलं. चीफच्या सुरुवातीच्या मॉडेलला ६५ अश्वशक्तीचं इंजिन होतं, पुष्पकला ९०.

मग घाटग्यांचं श्रेय कमी होतं का? अजिबात नाही. ऑगस्ट १९५१ मध्ये उडालेलं ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान त्यांच्याच टीमने मुळापासून आखलं होतं. ज्यांना नवं विमान आखता येत होतं, त्यांनी क्लबांसाठी तयार आराखडा निवडला. माझ्या मते हा व्यवहारी निर्णय होता. ‘शंभर टक्के स्वदेशी’ किंवा ‘नुसती नक्कल’, या दोन्ही गोष्टी सांगायला सोप्या आहेत, पण अर्धवट आहेत.

आता टो-बारकडे परत येऊ. वंशावळ कळली की शोधाची वाट बदलते. चीफ प्रकारच्या विमानांवर ‘स्कॉट’ किंवा ‘मॉल’ कंपनीची शेपटाची चाकं सर्रास दिसतात, आणि अशा चाकांसाठी टो-बार मिळतात. पण आपल्या विमानाला काय बसवलंय ते प्रत्यक्ष बघायचं: चाकावरची पाटी वाचायची, आसाची रुंदी मोजायची, देखभालीच्या नोंदवहीत चाक कधी बदललं ते तपासायचं. पन्नास-साठ वर्षांत दोन पुष्पकही एकसारखी राहिलेली नसतात. आणखी एक भेद लक्षात ठेवा. टो-बार हे जमिनीवरचं साधन; नीट मापं दिली तर चांगल्या वर्कशॉपमध्येही बनवता येतो. चाक, आस, बोल्ट हे मात्र विमानाचे भाग. तिथे जुगाड चालत नाही, मान्यताप्राप्त भागच लागतो.

संशोधनाला हेच लागू पडतं. तुमच्या विषयातला मुख्य शब्द हे बऱ्याचदा नंतर चिकटवलेलं नाव असतं. साहित्याचा आढावा घेताना त्या नावावर अडलात, तर तीन प्रश्न विचारा: ही वस्तू किंवा पद्धत कशावरून आली? वाटेत तिच्यात काय बदललं? आणि माझ्यासमोर असलेल्या नमुन्यात आज नेमकं काय आहे? पहिली दोन उत्तरं ग्रंथालयात मिळतील. तिसऱ्यासाठी हँगरमध्ये जाऊन, वाकून, चाकावरची पाटी वाचावी लागेल.