समाप्तीनंतरचा पहिला अध्याय

गेल्या दत्तजयंतीच्या सप्ताहात आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. नववीत शिकणारी आमची नात मोबाईलवर एक खेळ खेळत बसली होती. तो खेळ तिने दिवाळीच्या सुट्टीतच पुरा केला होता, हे आम्हांस ठाऊक होते. तेव्हा, "संपलेला खेळ पुन्हा कशाला?" असे आम्ही काहीशा करड्या स्वरात विचारले. ती सहज म्हणाली, "आजोबा, तुम्हीसुद्धा दर वर्षी तीच पोथी वाचता ना?" उत्तरात उद्धटपणा नव्हता, पण आम्ही निरुत्तर झालो, हे मान्य केले पाहिजे. तो प्रश्न पुढे बरेच दिवस मनात घोळत राहिला, आणि त्यातूनच प्रस्तुत लेख सिद्ध झाला.

प्रथम तिचा खेळ समजून घेणे न्याय्य होते. 'क्रोनो ट्रिगर' नावाचा हा खेळ जपानमधील स्क्वेअर या कंपनीने १९९५ साली प्रसिद्ध केला. खेळणाऱ्याने कथेतील नायकाची भूमिका घ्यायची, सोबती जमवायचे, निरनिराळ्या युगांत जाऊन यायचे आणि अखेरीस एका महासंकटाचा सामना करायचा, असे त्याचे स्वरूप आहे. कथा संपली की खेळ पुन्हा आरंभापासून सुरू करता येतो. मात्र पहिल्या खेपेस कमावलेले बळ आणि शस्त्रे नायकाजवळ कायम राहतात. शिवाय अंतिम शत्रूला कथेच्या कोणत्या टप्प्यावर गाठले, यावर शेवट बदलतो. "पहिल्यांदा पुढे काय होणार ते बघायला खेळले, आता असं का झालं ते बघते," असे नातीने सांगितले. आम्ही चाळीस वर्षे पारायण करीत आलो. पण आपण का करतो, हे इतक्या थोडक्या शब्दांत आम्हांस कधी सांगता आले नव्हते.

आता पोथीकडे वळू. 'श्रीगुरुचरित्र' हा ग्रंथ आपल्या या भागाचा आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. ज्या श्रीनृसिंहसरस्वतींचे हे चरित्र, त्यांचा जन्म वऱ्हाडातील कारंजाचा; परंतु त्यांचा दीर्घ निवास भीमा-अमरजा संगमावरील गाणगापुरी, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात झाला. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे गुरूंचे शिष्य सायंदेव यांच्या वंशातील पाचवे पुरुष. सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर आणि सरस्वती अशी ती परंपरा ग्रंथातच दिलेली आहे. सायंदेवांचे गाव म्हणून आळंद तालुक्यातील कडगंची दाखविले जाते. आपल्याला महाराष्ट्राची भाषा नीट येत नाही, अशी कबुली कवीने आरंभीच देऊन ठेवली आहे, आणि एकेचाळिसाव्या अध्यायात सायंदेवांच्या मुखी चक्क कानडी पदे घातली आहेत. आपण कानडी मुलखात मराठी घर सांभाळणारी माणसे. त्या कवीने कानडी घरात राहून मराठी ग्रंथ सिद्ध केला. घराण्यात चार पिढ्या सांगितली गेलेली कथा पाचव्या पिढीने पुन्हा मांडली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचली.

ग्रंथाची मांडणीही विचार करण्याजोगी आहे. नामधारक विचारतो आणि सिद्ध सांगतो, या संवादातून सारी कथा पुढे सरकते. पारायणास बसलेला मनुष्य मोठ्याने वाचू लागला की प्रश्नही त्याच्याच मुखातून निघतात. सात दिवस तो नामधारकाची भूमिका वठवीत असतो, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. आमच्या नातीच्या खेळाहून ही गोष्ट फार वेगळी नाही.

सात हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाचे सप्ताहात वाचन करण्याचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या दिवशी ९, दुसऱ्या दिवशी २१, मग २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती, असा अध्यायांचा हिशेब सामान्यतः पाळला जातो. आम्ही हा हिशेब वर्षानुवर्षे कचेरीतील हजेरीपटाप्रमाणे पाळला. आजचे अध्याय झाले, पोथी बांधली, नैवेद्य दाखविला, की कर्तव्य संपले. नातीच्या प्रश्नानंतर तोच क्रम पुन्हा न्याहाळला, तेव्हा एक गोष्ट प्रथमच ध्यानी आली.

पहिला दिवस नवव्या अध्यायाने संपतो. त्यात कृष्णेकाठच्या कुरवपुरातील एका रजकाची कथा आहे. तो श्रीपाद श्रीवल्लभांची निष्ठेने सेवा करी. एके दिवशी नदीत जलक्रीडेस आलेल्या यवन राजाचे ऐश्वर्य पाहून त्याचे मन चळले. गुरूंनी ते ओळखले आणि पुढील जन्मी तुला राज्य मिळेल, असा वर दिला. रजक पडद्याआड जातो आणि वाचक पुढील कथेत गुंततो. मग पाच दिवस उलटतात. सातव्या दिवशी पन्नासाव्या अध्यायात बीदरचा सुलतान मांडीवरील स्फोटकाने जर्जर होऊन गाणगापुरी येतो. गुरू त्याला रजक म्हणून ओळख देतात आणि त्याला पूर्वजन्म आठवतो. श्रीपाद श्रीवल्लभच नृसिंहसरस्वती होऊन आले आहेत, हेही त्याला उमगते.

पहिल्यांदा वाचणाऱ्यास नववा अध्याय ही एक सुटी कथा वाटते. दुसऱ्यांदा वाचणाऱ्यास मात्र नदीकाठी उभ्या असलेल्या त्या रजकाच्या मागे बीदरचा किल्ला दिसू लागतो. अक्षर एकही बदललेले नसते, बदललेला असतो तो वाचक. येथे नातीचा खेळ पुन्हा उपयोगी पडला. रजकाने दुसऱ्या जन्मात पुण्य सोबत नेले, स्मृती नेली नाही. खेळणाऱ्याजवळ मात्र दुसऱ्या खेपेस बळ आणि स्मृती दोन्ही असतात. पारायण करणाऱ्याची स्थितीही तशीच आहे. रजकाला जे एका जन्मात कळले नाही, ते आपणांस दुसऱ्या वाचनात कळू शकते.

या कथेतील सुलतान कोण, याचाही विचार झाला आहे. बहमनी राज्य १३४७ साली स्थापन झाले आणि गुलबर्गा ही त्याची राजधानी झाली. अहमदशहा वलीच्या कारकिर्दीत, म्हणजे १४२२ ते १४३६ या काळात, राजधानी बीदरला गेली. त्याचा पुत्र दुसरा अलाउद्दीन अहमद १४३६ ते १४५८ या काळात राज्य करीत होता. गुरूंचे गाणगापुरातून प्रयाण परंपरेनुसार शके १३८०, म्हणजे इ. स. १४५८-५९ मधले. कालगणना जुळत असल्यामुळे काही अभ्यासक या अलाउद्दीनाकडे बोट दाखवितात. याच सुलतानाने बीदरला मोठा दवाखाना उभारल्याचे बखरकार फरिश्ता सांगतो. ज्याने रयतेसाठी वैद्य नेमले, तोच स्वतःची व्याधी घेऊन गाणगापुरी येतो, हे कथेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मात्र पोथी ही भक्तीची कथा आहे, दरबारी दप्तर नव्हे, हा विवेक इतिहासाच्या वाचकाने सोडू नये. बीदरच्या पापनाश तीर्थावर उभे राहिले की पोथीतील पापविनाशी तीर्थाची आठवण होते, एवढे मात्र खरे.

पुनर्वाचनाचा आणखी एक लाभ सांगितला पाहिजे. सुलतान बरा झाला, गुरूंना सन्मानाने आपल्या नगरीस घेऊन गेला, येथे मन आनंदते. परंतु हीच कीर्ती गुरूंच्या प्रयाणाचे निमित्त ठरते. आता राजेरजवाडे येऊ लागतील, तेव्हा गुप्त व्हावे, असा निश्चय ते करतात, आणि एक्कावन्नाव्या अध्यायात गाणगापूर त्यांना अंतरते. शेवट माहीत असलेला वाचक सुलतानाच्या आनंदात गाणगापूरचा वियोगही वाचतो. उत्सुकता संपल्यावरच ही जाणीव होते. पुढे काय होणार याची घाई असेपर्यंत ती होत नाही.

तरीही प्रत्येक पुनरावृत्ती सार्थ असते, असे आम्ही म्हणणार नाही. स्वतःचाच दाखला दिला पाहिजे. चाळीस पारायणे करून नववा व पन्नासावा हे अध्याय आम्ही कधी एकत्र ठेवून पाहिले नाहीत. ती मोजदाद होती, वाचन नव्हे. खेळाचेही तसेच असावे. केवळ हात सवयीने फिरत असतील तर दुसरी खेप वेळेचा अपव्यय होय. आधीचे ज्ञान घेऊन नवा प्रश्न विचारला, तरच संपलेली गोष्ट पुन्हा सुरू करण्यास अर्थ आहे.

हा विचार केवळ तात्त्विक राहू नये, असे आम्हांस वाटते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून आपल्या घरांतील मुले कानडीत आणि आता इंग्रजीत शिकत आहेत, आणि त्यात वाईट काही नाही. परंतु पुष्कळ घरांत मराठी अक्षर मोठ्याने वाचले जाण्याचा प्रसंग आता पारायणापुरताच उरला आहे. वाचणारा एकच वृद्ध असेल आणि तोही हजेरी लावण्यासाठी वाचत असेल, तर त्याच्यामागे पोथी फडक्यात बांधलेलीच राहील.

आमच्या घराण्यात स्त्रियांनी ही पोथी ऐकावी, वाचू नये, असा प्रघात होता. आमच्या मातोश्रींना अध्यायच्या अध्याय ऐकून पाठ होते. पोथी मात्र त्यांनी कधी हाती घेतली नाही. ज्या घरांत हा प्रघात आजही आहे, तेथील वडीलधाऱ्यांचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. पण यंदा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी नववा अध्याय आम्ही नातीला वाचावयास दिला. ती अडखळत वाचीत होती. 'रजक' या शब्दाशी थांबून तिने अर्थ विचारला. आम्ही 'अगसा' असे कानडीत सांगताच तिला तो तत्काळ कळला. अध्याय संपल्यावर, "त्याला राज्य मिळालं का?" असे तिने विचारले. सातव्या दिवशी पन्नासावा अध्यायही तूच वाच, म्हणजे कळेल, असे आम्ही तिला सांगितले.

तिने तो वाचला. मग आपण होऊन पोथीची पाने मागे उलटली आणि नवव्या अध्यायातील नदीकाठचा प्रसंग पुन्हा काढला.