नायडू नागपूरचे, नोकरी इंदूरची

कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, हे नागपूरकर अभिमानाने सांगतात आणि ते खरेही आहे. 31 ऑक्टोबर 1895 ला ते इथेच जन्मले, इथेच शिकले, आणि 1916 मध्ये मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाकडून पहिल्यांदा उतरले तेव्हा नागपूरकरच होते. पण भारताच्या या पहिल्या कसोटी कर्णधाराची पुढची सारी कारकीर्द उभी राहिली ती इंदूरच्या पगारावर. 1923 मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना बोलावून घेतले आणि संस्थानी फौजेत हुद्दा दिला. नावापुढचे ‘कर्नल’ तिथून आले. मैदानाबाहेर या कर्नलाने कुठली लढाई मारल्याचे कुणी सांगत नाही. माझे म्हणणे असे की त्या काळी नागपूरजवळ खेळाडू होते, त्यांना पोसणारे घर नव्हते, आणि नायडूंचे स्थलांतर त्यावरूनच समजून घ्यावे लागते.

यावर कुणी म्हणेल, एका माणसाच्या जाण्यावरून शहराची परीक्षा कशाला? पण जाणारे नायडू एकटे नव्हते. त्यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू आणि डावखुरे हिरालाल गायकवाड हे दोघेही नागपुरात जन्मलेले कसोटीपटू, आणि दोघेही होळकर संघात खेळले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1934 मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडचा संघ होताच की! होता, पण संघ म्हणजे वर्षाकाठी मोजके सामने, त्यावर चूल पेटत नाही. होळकरांकडे मात्र बारमाही चाकरी होती, म्हणून मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशी माणसे तिथे जमली. 1944-45 च्या अंतिम सामन्यात तर महायुद्धामुळे हिंदुस्थानात आलेला डेनिस कॉम्प्टनही होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद 249 काढूनही हरला. त्या हंगामापासून नऊ वर्षांत या संघाने आठ अंतिम सामने गाठले आणि चार वेळा करंडक जिंकला. कर्णधार नायडू, तेही पन्नाशीच्या आसपासचे!

राजाश्रयाने खेळाडू घडतो, हा माझा दावा नाही. 1 डिसेंबर 1926 ला बॉम्बे जिमखान्यावर आर्थर गिलिगनच्या एमसीसीविरुद्ध नायडूंनी दोन तासांच्या आत 153 धावा कुटल्या, त्यात अकरा षटकार. पाहुण्यांनी खूश होऊन चांदीची बॅट दिली. ती कुठल्या महाराजांची मेहरबानी नव्हती. उलट राजेशाहीने त्यांचे नुकसानही केले. 1932 च्या इंग्लंड दौऱ्याचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे होते. लॉर्ड्‌सच्या कसोटीत ते बाजूला राहिले म्हणून 36 वर्षांच्या नायडूंकडे कर्णधारपद आले. चार वर्षांनी पुन्हा इंग्लंडला जायची वेळ आली तेव्हा कर्णधार झाले विजयनगरमचे महाराजकुमार, आणि नायडूंना त्यांच्या हाताखाली खेळावे लागले. त्याच दौऱ्यात ओव्हलवर त्यांनी 81 काढल्या, आणि तिथेच त्यांचे कसोटी खाते सात सामने, 350 धावांवर बंद झाले. एवढ्यावर नायडूंचे मोठेपण मोजता येत नाही. ते प्रथम श्रेणीच्या 207 सामन्यांत आणि साडेअकरा हजारांहून अधिक धावांत आहे. इतकी वर्षे खेळायला पोटाची निश्चिंती लागते.

संस्थाने गेली, पाठोपाठ होळकर संघही गेला. नायडूंना 1956 मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच हंगामात, साठी उलटल्यावर, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळत होते. निवड समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. 14 नोव्हेंबर 1967 ला ते इंदूरलाच वारले. विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजीत आला 1957-58 मध्ये, म्हणजे नायडूंना त्याचा काही उपयोग नव्हता. विदर्भाकडून खेळता खेळता कसोटी संघात जाणारा पहिला खेळाडू निघायला 2011 साल उजाडले: खापरखेड्याचा उमेश यादव, वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. खेळाडूच्या घराचा भार आता राजाऐवजी असा सरकारी पगार वाहत होता. उमेशला गाव सोडून कुणा दरबारात जावे लागले नाही. तरी भारताकडून सहा वर्षे कसोटी खेळून झाल्यावर, 2017 मध्ये, त्याने खेळाडूंच्या कोट्यातून रिझर्व्ह बँकेची नोकरी घेतलीच.