कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण काय सांगतो?

फवारणीनंतर चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे धूसर दिसणे अशी तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात आले, की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "काय फवारत होता?" बहुतेक वेळा उत्तर मिळते, "कपाशीचं औषध." आपण विषाला औषध म्हणतो, इथूनच अडचण सुरू होते. उपचार ठरवायला नाव लागते, आणि ते डब्यावर लिहिलेले असते.

कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापावा लागतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. लाल गटात वरच्या भागात कवटी व हाडांचे चिन्ह आणि 'विष' असा शब्द असतो. पिवळ्यात 'विष' हा शब्द असतो, कवटी नसते. निळ्यात 'धोका' आणि हिरव्यात 'सावधान' असा इशारा असतो.

हे गट प्राण्यांवरील चाचणीतून ठरतात. चाचणीतील निम्मे प्राणी मरतील एवढी मात्रा मोजली जाते. तोंडावाटे दिलेली ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा. त्वचेवाटे होणाऱ्या विषबाधेसाठी वेगळे आकडे आहेत.

मग हिरवा त्रिकोण म्हणजे बिनधोक का? नाही. रंग फक्त तत्काळ विषबाधेचा अंदाज देतो, आणि तोही त्या एकाच डब्यापुरता. दोन-तीन डबे एकाच पंपात ओतले, की त्या मिश्रणाचा त्रिकोण कुठेच छापलेला नसतो. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेल्याने काय होईल, हेही रंगावरून कळत नाही.

यवतमाळ जिल्ह्याने हे २०१७ मध्ये भोगले आहे. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांवर उपचार करावे लागले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर आणि अंगावर येत होता. मिश्रणेही वापरली जात होती. नंतर सरकारने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यात लाल त्रिकोणाचे मोनोक्रोटोफॉस होते, तसे पिवळ्या गटातले प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रणही होते.

त्रिकोणापेक्षा मला डब्यासोबतचे माहितीपत्रक महत्त्वाचे वाटते. त्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा दिलेला असतो. नियमाप्रमाणे हा मजकूर हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेतही हवा. अक्षरे फारच बारीक असतात हे खरे; घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या, पण डबा फोडण्याआधी.

नावाने काय फरक पडतो? मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या विषबाधेत बाहुल्या बारीक होतात, लाळ, घाम व डोळ्यांतून पाणी येते, स्नायू फडफडतात, श्वास अडतो. त्यावर ॲट्रोपिन हे प्रभावी इंजेक्शन आहे. सायपरमेथ्रिनवर मात्र असा खास उतारा नाही. तिथे लक्षणांनुसार उपचार करावे लागतात.

त्रास सुरू होताच रुग्णाला शेताबाहेर मोकळ्या हवेत न्या. भिजलेले कपडे काढा, अंग आणि केस साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधाव्यात. डोळ्यांत गेले असेल तर १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. विष पोटात गेले असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. अनेक कीटकनाशकांत रॉकेलसारखे द्रावक असते, ते उलटीबरोबर फुप्फुसात जाऊ शकते. दूध, तूपही देऊ नका. १०८ ला फोन करा. त्वचेतून गेलेल्या विषाची लक्षणे काही तासांनीही दिसतात, म्हणून "घरी जाऊन झोपतो, बरं वाटेल" हे चालणार नाही.

येताना डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत आणा. मिश्रण केले असेल तर सगळ्या डब्यांचा. डबा सापडत नसेल तर कृषी सेवा केंद्राचे बिल आणा, त्यावरही नाव असते.