चाळिशीचा तोल : संसार, आरोग्य आणि छंद

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघाले की सुमारे २० किलोमीटरवर सोनगीर लागते. गावालगतचा किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी ही या गावाची जुनी ओळख. भांडी घडविणाऱ्या तांबटाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. सतत ठोके दिले की तांब्याचा पत्रा कठीण होत जातो आणि तसेच ठोकत राहिल्यास त्याला चीर पडते. म्हणून पत्रा मधूनमधून तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. त्यात वेळ जातो खरा. पण तो वाचवू पाहिल्यास भांडेच हातचे जाते. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाची आणि गृहिणीची स्थिती याहून फारशी वेगळी नसते.

दुहेरी भार

मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते, आई-वडिलांचे आजारपण आणि नोकरी-व्यवसायातील वाढती जबाबदारी हे सारे साधारणतः ४० ते ६० या वयात एकाच वेळी समोर उभे राहते. 'मुले मार्गी लागली की स्वतःकडे पाहू' असे म्हणत अनेकजण व्यायाम, वाचन, संगीत यांना रजा देतात. मात्र, शरीर या सवडीची वाट पाहत नाही.

आरोग्य : लक्षणांची वाट नको

उच्च रक्तदाब व मधुमेह ही दुखणी बरीच वर्षे कोणतेही लक्षण न दाखविता शरीरात राहू शकतात. वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास, अथवा उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम वा त्यापुढे गेल्यास डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते. तिशीपुढील सर्वांसाठी रक्तदाब, मधुमेह तसेच मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांमार्फत विनामूल्य केली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा; दिवसभरातील मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांनीही गाफील राहू नये. ८५ डेसिबलच्या वरील आवाजात रोज आठ तास राहिल्यास श्रवणशक्ती कायमची घटू शकते. त्यामुळे हातोड्याचे काम करणाऱ्या कारागिरांनी कानांचे रक्षण केले पाहिजे. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वाढते व हृदयविकाराचा धोकाही वाढतो. त्यांची तपासणी घरातील कामांच्या यादीत शेवटी राहू नये.

छंद : खानदेशचे उदाहरण

संसार आणि छंद यांचा मेळ कसा बसतो, याचे थोर उदाहरण खानदेशातच आहे. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना तिशीतच वैधव्य आले. अक्षरओळख नव्हती, शेत, घर व मुले यांचा भार होता. तरीही दळण-कांडण आणि शेतीची कामे करता करता त्या ओव्या रचत राहिल्या. त्यांपैकी काही मुलगा सोपानदेव व नात्यातील मंडळींनी टिपून ठेवल्या, म्हणूनच त्या वाचल्या. १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाल्यानंतर आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

छंदासाठी मोकळा दिवस मिळायलाच हवा असे नाही, हे यातून दिसते. परंतु त्यांच्या ज्या ओव्या कोणी लिहून ठेवल्या नाहीत, त्या हरपल्या. घरातील माणसाच्या छंदाची दखल घेणे हे कुटुंबाचेही कर्तव्य आहे.

वाटणी घरातूनच

हा तोल एकट्याने साधत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष अवघी ८८ मिनिटे. ही वाटणी बदलल्याशिवाय गृहिणीला व्यायाम व छंदासाठी वेळ मिळणे कठीण आहे.

यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील :

- आठवड्यातील पाच दिवस, रोज ३० मिनिटे चालण्यासाठी राखून ठेवावीत. १५० मिनिटांचा हिशेब त्यातच पूर्ण होतो.
- एका वर्षासाठी एकच वैयक्तिक ध्येय ठरवावे आणि ते घरच्यांना सांगावे.
- वृद्धांचे औषधपाणी व दवाखान्याच्या फेऱ्या भावंडांनी वाटून घ्याव्यात.
- पती-पत्नींनी परस्परांच्या छंदासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी करून द्यावी.
- वर्षातून एकदा दोघांनीही रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.

रोजच्या रोज सर्वांना समान वेळ देणे कोणालाच शक्य नसते. परीक्षेच्या दिवसांत मुलांकडे, आजारपणात आई-वडिलांकडे पारडे झुकणारच. ते पुन्हा सावरावे, इतकी काळजी मात्र घ्यायला हवी. कारण चाळिशीत टाळलेल्या तपासणीची किंमत पुढे साऱ्या कुटुंबालाच मोजावी लागते.