प्रधानमंत्री आवास योजना (शहरी)

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) ही शहरी कुटुंबांना घर विकत घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी अर्थसाहाय्य देणारी भारत सरकारची योजना आहे. ती २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला.

घटक

पहिल्या टप्प्यात चार घटक होते: झोपडपट्टीचा आहे त्याच जागी पुनर्विकास, कर्जाशी निगडित व्याज अनुदान, भागीदारीतून परवडणारी घरे आणि लाभार्थीने स्वतः करावयाचे बांधकाम. व्याज अनुदानात वार्षिक ६ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ६ लाखांपर्यंतच्या गृहकर्जावर ६.५ टक्के सवलत मिळे. शेवटच्या दोन घटकांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाला केंद्राकडून प्रतिघर दीड लाख रुपये मिळत; महाराष्ट्र शासन त्यात एक लाखाची भर घालते.

अटी

अर्जदार कुटुंबाच्या मालकीचे देशात कोठेही पक्के घर नसावे. जुन्या घराच्या केवळ डागडुजीसाठी अनुदान नाही. किमान ९ चौरस मीटर चटईक्षेत्राची पक्की वाढ आवश्यक होती. रक्कम बांधकामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी दिली जाते.

मर्यादा

स्वतःच्या बांधकामासाठी जमिनीच्या हक्काचा पुरावा लागतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहूनही ज्यांच्या नावावर ती जागा नाही, अशी कुटुंबे गरजू असूनही या घटकाबाहेर राहतात. बांधकामाचा उर्वरित खर्चही लाभार्थीलाच उभारावा लागतो.