बाळंतपणाची तयारी केल्याने कळा खरंच कमी होतात का?

बाळंतपणाची तयारी म्हटलं की आपल्याकडे काय होतं? सातव्या महिन्यात डोहाळजेवण, पहिलटकरीण असेल तर माहेरी रवानगी, दुपटी-झबली शिवणं आणि डिंकाच्या लाडवांचं सामान भरणं. पण कळा सुरू झाल्यावर शरीरात काय घडतं, लेबर रूममध्ये काय करतात, तिथे आपण काय मागू शकतो, हे बहुतेक जणींना कुणी सांगतच नाही. "वेळ आली की कळेल" एवढ्यावर विषय संपतो.

या दुसऱ्या तयारीचा उपयोग किती आणि बारामती तालुक्यातल्या पणदऱ्यासारख्या गावात ती कशी करता येईल, ते समजून घेऊ.

भीतीचा आणि कळांचा संबंध काय?

ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३०च्या दशकात एक साखळी मांडली. भीती वाटली की अंग आखडतं, अंग आखडलं की वेदना वाढतात आणि वेदना वाढल्या की भीती आणखी वाढते. पुढे फ्रान्सचे डॉक्टर फर्नांड लमाझ यांनी श्वासावर लक्ष ठेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. आज शहरांतल्या 'गर्भसंस्कार' किंवा 'अँटिनेटल' वर्गांत शिकवले जाणारे श्वासाचे प्रकार बऱ्याच अंशी तिथूनच आले आहेत.

नॉर्वेतल्या २,२०६ महिलांचा एक अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणाची तीव्र भीती असलेल्या महिलांच्या कळा इतरांपेक्षा सरासरी दीड तास जास्त चालल्या. बाकीची कारणं वजा केली, तरी ४७ मिनिटांचा फरक उरला. मात्र त्यांच्यातल्या बहुतेक जणींची प्रसूती नॉर्मलच झाली. म्हणजे भीती वाटते म्हणून सिझर होणारच, असं नाही.

मग वर्गाला गेलं की काम झालं?

इतकं सोपं नाही. वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २००७मध्ये प्रसूतीपूर्व वर्गांचा आढावा घेतला. नुसत्या वर्गांमुळे कळा किंवा सिझर कमी होतात, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. त्यामुळे "आमचा कोर्स करा, नॉर्मल डिलिव्हरी नक्की" अशी जाहिरात दिसली, तर सावध राहा.

दोन गोष्टींचा पुरावा मात्र चांगला आहे.

पहिली, हालचाल. कळांच्या पहिल्या टप्प्यात चालणाऱ्या, उभ्या राहणाऱ्या किंवा बसणाऱ्या महिलांचा हा टप्पा आडव्या राहिलेल्या महिलांपेक्षा साधारण सव्वा तासाने लवकर संपतो, असं कॉक्रेनचाच २०१३चा आढावा सांगतो. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं नसेल, तर फिरायला हरकत नसते.

दुसरी, सोबत. २०१७च्या आढाव्यात १५ हजारांहून जास्त महिलांची माहिती होती. कळांच्या काळात सतत कुणीतरी सोबत असेल, तर नॉर्मल प्रसूतीची शक्यता वाढते, सिझर कमी होतात, कळांचा काळ थोडा घटतो आणि बाळंतपणाबद्दल मनात कडवटपणा राहण्याचं प्रमाणही कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींमध्येही महिलेच्या पसंतीच्या सोबतीचा समावेश आहे.

सरकारी दवाखान्यात सोबत कुणाला नेता येतं का?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीवेळी सोबतीला परवानगी दिली. २०१७मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबत आणि सन्मानाची वागणूक यांवर भर आहे. तरी प्रत्यक्षात आई किंवा सासू दाराबाहेर आणि आत पोरगी एकटी, असं अजूनही घडतं. म्हणून नाव नोंदवतानाच विचारून ठेवा: आत कोण येऊ शकेल? सोबत येणारी बाई स्वतः बाळंतपणातून गेलेली आणि धीर देणारी असेल तर उत्तम. "ओरडू नकोस" म्हणणारी नको.

पणदरे परिसरात तयारी कुठे करायची?

महागड्या वर्गांसाठी पुणे गाठायची गरज नाही. सुरुवात आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना'त दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासणं हीसुद्धा बाळंतपणाचीच तयारी आहे. त्याच दिवशी हे प्रश्न विचारा:

- माझी प्रसूती इथेच होईल की बारामतीला जावं लागेल?
- रात्री कळा आल्या तर गाडी कोणती? (१०२ आणि १०८ हे नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये हवेत.)
- कळांमध्ये मला फिरता येईल का, पाणी पिता येईल का?

सरकारी दवाखान्यात नॉर्मल प्रसूती, सिझर, औषधं आणि येण्या-जाण्याची गाडी 'जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमा'त मोफत आहे. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणार असाल, तर तपासणीचं कार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या. नवा दवाखाना कागद बघूनच तुम्हाला ओळखणार आहे.

निघायचं कधी?

खोट्या कळा अनियमित असतात आणि विश्रांतीने थांबतात. खऱ्या कळा ठरावीक वेळाने येतात, जवळजवळ येत जातात आणि जोर धरतात. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं खूप दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट न पाहता लगेच निघा.

आणि शेवटी सिझरच झालं तर?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि साधारण चारातलं एक सिझर असतं. बाळ आडवं असेल, वार खाली असेल किंवा बाळाचे ठोके घसरले, तर श्वासाचे व्यायाम कामाला येत नाहीत. तिथे ऑपरेशनच जीव वाचवतं. त्यात बाईचं काही चुकलेलं नसतं. अशा वेळीही काय होतंय आणि का होतंय हे तिला सांगितलं, तिला विचारलं, तर घाबरणं कमी होतं. तयारीने कळा नाहीशा होत नाहीत. पण आपल्याशी काय चाललंय हे कळत असलेली बाई प्रश्न विचारू शकते, मदत मागू शकते आणि धोक्याची खूण वेळेवर ओळखू शकते.